कागदी शंखातले बिऱ्हाडकरू

फुंकरमावशीला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलेलं नाही. नवरा होता, तो लवकर गेला. एक मुलगा होता, तो आई म्हणायचा; तोही गेला. सून होती, तीही आई म्हणायची. तिला मावशीने स्वतःच घरातून लावून दिलं. भांडून नव्हे, रागाने नव्हे, अगदी चांगल्या मनाने. मावशीची सगळी गोष्ट ह्या चांगल्या मनाचीच आहे, आणि ऐकणाऱ्याला राग येतो खरा, पण तो कुणावर काढावा हे काही कळत नाही. सून गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत मावशीच्या मनात एकच गोष्ट पक्की होती: आपण तिचं भलं केलं. ह्या एका गोष्टीच्या आधारावर ती उठत होती, जेवत होती, कामावर येत होती.

काम शंखांच्या कारखान्यात. कारखाना आपला म्हणायला. एक लांबट पत्र्याची शेड, मागे अंगण, अंगणात समुद्राचं पाणी आणणारा नळ आणि शेडमध्ये दोन रांगांत मांडलेली लाकडी मेजं. बोटवाले पोत्यांनी शंख-शिंपले आणून टाकत. ते उकळायचे, आतलं मांस आकड्याने ओढून काढायचं, शंख अ‍ॅसिडच्या पाण्यातून काढायचे, ब्रशने घासायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि कागदात गुंडाळून खोक्यांत भरायचे. पुढे ते कुठल्या कुठल्या दुकानांतून लोकांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसत. कपाटवाल्यांना आतल्या जिवाचं काय झालं ते कोण सांगणार? दृष्टीआड सृष्टी.

ह्या सगळ्या मालात एक नग मात्र राजा. त्याला सगळे कागदी शंख म्हणत. वारा फिरला की वर्षातून दोन-तीनदा हे शंख थव्याने किनाऱ्याजवळ येत. पांढरा, नागमोडी रेघांचा, तळहाताएवढा, आणि इतका पातळ की उजेडासमोर धरला तर मागची बोटं दिसावीत. आत एक लहानसा ऑक्टोपसच्या जातीचा प्राणी, आठ पाय आणि दोन मोठाले डोळे. बाकीचे शंखातले किडे आपल्या शंखाला आतून घट्ट चिकटलेले असतात, उकळल्याशिवाय सुटत नाहीत. हा प्राणी कुठेच चिकटलेला नसे. नुसता शंख धरून बसलेला. म्हणून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की हा शंख त्याचा नव्हेच. कुणा दुसऱ्याचा रिकामा पडलेला सापडला, घुसला आत. आयत्या बिळावर नागोबा. कारखान्यात त्याचं नावच पडलं होतं बिऱ्हाडकरू.

कागदी शंख उकळता येत नाही, तडकतो. दुसऱ्या बायका तारेचा आकडा घालून बिऱ्हाडकरूला ओढून काढायच्या. त्यात निम्मे शंख फुटायचे, आणि प्राण्याच्या चिंध्या व्हायच्या त्या वेगळ्याच. मावशीने आपली पद्धत शोधून काढली होती. बादलीत समुद्राचं पाणी घ्यायचं, शंख तोंड खाली करून तिरका बुडवायचा आणि एका पोकळ देठाच्या नळीने आत हळूच फुंकर घालायची. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. आतल्याला चुळबूळ व्हायची, एकेक पाय सुटायचा आणि तो आपणहून घसरून बादलीत यायचा. शंखाला ओरखडा नाही, जिवाला धक्का नाही. म्हणून ती फुंकरमावशी. कागदी शंख आले की मुकादम तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे.

संध्याकाळी ती बादली उचलून पाण्याच्या कडेला जायची आणि सगळ्यांना सोडून द्यायची. सोडताना म्हणायची, “जा, दुसरं बघा. समुद्र काय लहान आहे?” बायका थट्टा करायच्या, आज किती बिऱ्हाडं हलवलीस म्हणून विचारायच्या. ती हसायची. तीस वर्षांत माझ्या हातून एकही बिऱ्हाडकरू मेला नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पैशाची, रूपाची घमेंड माणसाला लपवावी लागते. चांगुलपणाची घमेंड लपवावी लागत नाही, उलट लोक तिला पाट मांडतात. मावशीला तर सगळ्यांनीच मांडला होता.

कारखान्याच्या कुंपणाला लागून कामगारांची घरं होती. कुटुंब असेल त्याला दोन खोल्या, एकट्या माणसाला शेडमागची एक खोली. मावशी नवरा असताना दोन खोल्यांत आली आणि मुलगा मोठा होईपर्यंत तिथेच राहिली. राहिली म्हणजे पाठ टेकायची तेवढीच. दिवसभर शेडमध्ये, मग घरी येऊन चूल पेटवायची, झोपायचं. घराकडे तिने कधी डोळे उघडून पाहिलं नाही. आतली खोली दुपारीसुद्धा अंधारी, छप्पर दोन ठिकाणी गळकं, मागचं अंगण म्हणजे चिखल. चालतंय तसं चाललं होतं.

मग सून आली. बारीक चणीची, कमी बोलणारी आणि क्षणभर म्हणून स्वस्थ न बसणारी. पहिल्याच महिन्यात तिने डांबर वितळवून छपराची भोकं बुजवली. खोक्यांच्या फळ्या मागून आणून मांडणी केली. आतली खोली अंधारी आहे म्हणून तिने नवऱ्याला मागच्या भिंतीत खिडकी पाडायला सांगितलं. तो आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला, तेव्हा तिने छिन्नी-हातोडा घेतला आणि आठ दिवस रोज थोडी थोडी करत स्वतःच पाडली. कारखान्यात फुटके शंख ढिगाने फेकून देत, ते तिने पदरातून आणले आणि मागच्या अंगणात सिमेंटात बसवून फरशी केली. मोरीची उतरण चुकलेली होती, पाणी तुंबायचं. तीही तिने उकरून सरळ केली. मुलगा कौतुकाने म्हणायचा, आई, आपण बायको नाही आणली, गवंडी आणलाय. मावशी हसायची आणि शेजारणींना सांगायची, आमची सून फार उद्योगी. चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे म्हणतात, पण त्या घरात हा हिशोब कुणी कधी काढला नाही. सहा वर्षं दोघी एकमेकींशी इतक्या सरळ वागल्या की शेजारणींना चघळायला काही मिळेना.

एक मात्र होतं. मावशी बोलताना नेहमी “माझ्या लेकाचं घर” असं म्हणायची. त्यात वाईट काही नव्हतं. सगळेच तसं म्हणतात. घर असतं सासरचं, सून त्यात बाहेरून येते.

मुलगा कारखान्याच्या खोक्यांच्या ट्रकवर जायचा. एका सकाळी उतारावर ट्रक उलटला आणि तो परत आला नाही. त्या दिवसांबद्दल मावशी कधी बोलत नाही, म्हणून इथेही नको. एवढंच खरं की सासू-सून दोघी एका चटईवर बसायच्या, एकमेकींना पाणी द्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

पाचव्या महिन्यात मावशीने एक गोष्ट ठरवली. तिने पाहिलं होतं, नवरा गेलेल्या बायका सासरच्या घरात कशा वाळत जातात ते. ती स्वतःच तशी वाळली होती. तिला वाटलं, ह्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही. विचार चांगलाच होता, पण तिने सुनेला विचारलं काहीच नाही. सगळं मनाशी ठरवून एका दुपारी समोर बसवून सांगितलं.

“तू अजून तिशीचीही नाहीस,” मावशी म्हणाली. “ह्या घरात माझ्याबरोबर कुजू नकोस. लेक होता तोवर तुझं इथे काही होतं. आता काय आहे? भावाकडे जा. चांगलं स्थळ बघा. तुला दुसरं घर मिळेल.”

सुनेने विचारलं, “माझं काही चुकलं का, आई?”

“चुकलं नाही गं, म्हणून तर म्हणते जा.”

जायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत तिने मोरी साफ केली, खिडकीच्या चौकटीत फट पडली होती ती लांबीचा लगदा भरून बुजवली आणि मावशीला हात पोचेल अशा बेताने मांडणीवरचे डबे खालच्या फळीवर आणून ठेवले. जाणाऱ्या माणसाला भिंतीची काय पडली, असं मावशीला तेव्हा वाटून गेलं. पाचव्या दिवशी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. सगळ्या वस्तीने मावशीची वाहवा केली. अशी सासू शोधून सापडायची नाही, असं म्हणाले. मावशी दोन दिवस रडली आणि त्या वाहवेवर सावरली.

सून दर रविवारी फोन करायची. घरातलं विचारायची: छप्पर गळतंय का, मोरी तुंबत नाही ना. मावशीला वाटायचं, हिने इथलं विसरायला हवं, नाहीतर नव्या ठिकाणी मन कसं लागणार? ती मुद्दाम बोलणं तोडायची. सगळं ठीक आहे, ठेवते आता. असं दहा-बारा रविवार झाल्यावर फोन यायचे थांबले. मावशीने मान डोलावली. रुळली वाटतं पोर.

सून गेल्याच्या सहाव्या महिन्यात मुकादमाने नियम सांगितला: एकट्या माणसाला दोन खोल्या नाहीत. मावशीने कुरकुर केली नाही. तिलाही ते घर खायला उठत होतं. तिने किल्ली दिली आणि शेडमागच्या एका खोलीत खाट, स्टोव्ह आणि ट्रंक नेऊन टाकली. सुनेला कळवलं नाही. उगीच कशाला तिच्या जिवाला घोर?

एवढं सगळं झाल्यावर, दोन वर्षांनी, वारा फिरला आणि कागदी शंख आले, आणि त्यांच्या मागोमाग एक चष्मेवाली आली. कुठल्याशा कॉलेजात समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी, चाळिशीची, केसांत पेन खोचून फिरणारी. तिला शंख नको होते, शंखासकट जिवंत प्राणी हवे होते. मुकादमाने तिला अंगणात नळाजवळ काचेची टाकी मांडू दिली आणि प्राणी न दुखावता उचलायला मावशीला दिमतीला दिलं. मावशी मनातून खूश झाली. आपल्या हाताची कीर्ती कॉलेजापर्यंत पोचली, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलं.

दुसऱ्याच दिवशी चष्मेवालीने चिमट्याने एका शंखाच्या काठाचा नखाएवढा तुकडा तोडला. मावशी चिडली. सोन्यासारखा नग फोडलात की हो बाई, असं तोंडावर म्हणाली. चष्मेवाली म्हणाली, आता गंमत बघा.

गंमत बघायला मावशी येता-जाता टाकीशी थांबू लागली. तीस वर्षांत तिने हा प्राणी शंखातून निघताना पाहिला होता, शंखात राहताना कधीच नाही. त्याच्या आठातले दोन पाय टोकाशी पंख्यासारखे पसरट होते. ते दोन पाय तो दोन्ही बाजूंनी शंखावर ओढून घ्यायचा, जशी आपण खांद्यावरून शाल घेतो, आणि तुटलेल्या जागेवरून सारखा फिरवत राहायचा. पुढच्या दिवशी त्या जागेवर कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी आलं. आणखी काही दिवसांनी पापुद्रा कडक झाला, पांढरा झाला. जोड थोडा खडबडीत होता, पण भोक बुजलं होतं.

शेडमधल्या बायकाही बघायला आल्या. एक जण म्हणाली, बिऱ्हाडकरू कधी घर दुरुस्त करतो काय? आमचा नवरा तर बल्ब गेला तरी मालकाकडे बोट दाखवतो. सगळ्या हसल्या. चष्मेवालीलाही हसू आलं. मग तिने समजावून सांगितलं की हा बिऱ्हाडकरू नाही, आणि हा ‘हा’सुद्धा नाही. शंखातल्या ह्या सगळ्या माद्या. ह्यांचे नर बोटाच्या पेराएवढे, त्यांना शंख नसतोच. मादी अगदी चिमुकली असते तेव्हापासून त्या दोन पसरट पायांतून रस सोडून हा शंख घडवायला लागते आणि स्वतः वाढेल तसा तो वाढवत नेते. अंडी ह्याच्यातच ठेवते. कुणाचा रिकामा शंख वगैरे काही नाही. रेघ न् रेघ तिची स्वतःची.

बायका ऐकून कामाला परत गेल्या. मावशी टाकीपाशीच उभी राहिली. जो प्रश्न विचारायचा होता तो तोंडातून निघत नव्हता. शेवटी तिने विचारला. शंख काढून घेतला आणि तिला पाण्यात सोडून दिलं, तर काय होतं?

चष्मेवाली वहीत काहीतरी लिहीत होती. तिला संध्याकाळच्या बादलीचं काही माहीत नव्हतं. तिने मान वर न करताच सांगितलं, “जगत नाही हो. तुटलेलं सांधता येतं तिला, पण नव्याने पहिल्यापासून नाही घडवता येत. काही दिवस तशीच राहत असेल, मग संपते.”

“दुसरा शोधत नाही?”

“ती दुसऱ्याचं घर शोधत फिरणारी नाही. शंख तिच्या अंगाला चिकटलेला नसतो ना, म्हणून लोकांना वाटतं तो तिचा नव्हे.”

मावशी शेडमध्ये आली. तिच्या मेजाखाली बादली होती आणि बादलीत सकाळी काढलेल्या चार. त्यांचे चार शंख वर मेजावर वाळत होते, अ‍ॅसिडच्या पाण्यातून निघालेले, तेल लावलेले, लखलखीत. मावशीने ते चारही उचलून बादलीत सोडले. हे तुमचे, घ्या, असं ती म्हणाली, की नुसतंच तिच्या मनात आलं, कुणास ठाऊक. त्या जवळ आल्या. एकीने काठ धरला, पण तेल लावलेल्या शंखावर तिचे पाय ठरेनात. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मग ती बादलीच्या बुडाशी जाऊन बसली. मावशी बादलीशेजारी खाली बसली आणि मोठ्याने रडली. मुलगा गेला तेव्हाही ती माणसांदेखत अशी रडली नव्हती. बायकांना वाटलं, कुणी गेल्याचा निरोप आला की काय.

ती त्या चौघींसाठी रडत होती, आणि तीस वर्षांच्या बादल्यांसाठीही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर छिन्नी घेऊन भिंतीशी उभी असलेली सून होती. सहा वर्षं ती पोर डोळ्यांदेखत घर घडवत होती, आणि आपण म्हणत होतो लेकाचं घर. आणि मग आपणच तिला सांगितलं, दुसरं मिळेल. सुनेने काही हट्ट केला नाही, उंबऱ्याला धरून बसली नाही, म्हणून आपल्याला वाटलं हिचं इथे काही अडकलेलं नाही. करायला गेले एक आणि केलं हे. मावशीने दोन वर्षं उशाशी घेतलेली गोष्ट त्या दुपारी हातातून निघून गेली, आणि आता तिला एकच हवं होतं: सून परत आणायची.

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमाला सांगितलं की कागदी शंखांना ह्यापुढे मी हात लावणार नाही, कुणाला लावायचाय त्याने लावावा. तो चकित झाला, चिडला, शेवटी बरं म्हणाला. मग तिने जुनं घर मागितलं. आम्ही दोघी राहणार, कुटुंबच झालं की, असं म्हणाली. मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं, मावशी, ते घर कुठे राहिलंय? मधली भिंत पाडून त्याचं खोक्यांचं गोदाम केलं. खिडकी बुजवली, अंगण खणून काँक्रीट ओतलं, गाडी मागे लावता यावी म्हणून. दुसऱ्या घरांसाठी आधीच सात जणांचे नंबर लागलेत. मावशीने जाऊन पाहिलं. खोक्यांच्या थप्पीमागे भिंतीवर खिडकीएवढा चौकोन वेगळ्या रंगाच्या विटांचा दिसत होता. ती तिथे फार वेळ थांबली नाही. तिने मनाशी म्हटलं, घर नसेल, खोली तर आहे. एका खोलीत दोघी राहू. तिच्या हाताला लागली की खोलीचंही घर होईल. ह्या आशेवर तिने सकाळची एसटी धरली.

सुनेच्या भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार भावजयीने उघडलं, हाताला पीठ लागलेलं, पाठीमागे दोन मुलांचा गोंधळ. तिने मावशीला बसवलं, पाणी दिलं, सून दुकानातून सामान आणायला गेली आहे म्हणाली. भावजय सरळ बाई होती. मनात ठेवायचं तिला जमत नसावं, कारण चहा होईपर्यंत तिने सगळं सांगून टाकलं. दोन स्थळं आली होती. सून दोन्हींना हो म्हणाली. कशालाच नाही म्हणत नाही ती. पण बघायला आलेल्यांनाच ते हो ऐकून कसंसं झालं, फिरकलेच नाहीत परत. घरात कसलाही त्रास नाही. काम सांगाल ते करते. “पण मावशी, एक सांगू का,” भावजय आवाज खाली आणून म्हणाली, “दोन वर्षं झाली, हिने ह्या घरात एक खिळा ठोकला नाही. मी म्हणाले, ती फळी तुझी, तिथे कपडे ठेव. नाही ठेवले. अजून पिशवीतून काढते आणि पिशवीतच घालते.”

मावशीने पाहिलं. बाहेरच्या खोलीला लागून असलेल्या बोळात एक लोखंडी खाट होती. वर भिंत कोरी. खाटेखाली पिशवी. छप्पर, मोरी, भिंत, जे दिसेल ते सरळ करत सुटणारी ती पोर इथे दोन वर्षं एका कोऱ्या भिंतीशेजारी झोपत होती.

तेवढ्यात सून आली. आधीच बारीक होती, आता तर गालफडं वर आली होती. मावशीला बघून ती दारातच थांबली, मग सामान ठेवून वाकून पाया पडली. भावजय मुलांना घेऊन आत गेली. दोघी खाटेवर बसल्या. मावशीने येताना एसटीत मनाशी पुष्कळ जुळवलं होतं, त्यातलं काहीच तिला आठवेना.

“माझं चुकलं,” मावशी म्हणाली. “ते घर तू केलं होतंस. मी तुला तुझ्याच घरातून काढलं.”

सुनेने मान हलवली. “मला तरी कुठे माहीत होतं, आई? सगळे तुमचं म्हणायचे. तुम्ही जा म्हणालात, मला वाटलं माझं नसेलच.” ती थोडं थांबली. “इथे आल्यावर कळलं. रात्री जाग आली की हात भिंतीला जायचा, खिडकी बंद आहे का बघायला.”

“चल माझ्याबरोबर. मी न्यायलाच आले आहे.”

मावशीला वाटलं होतं की रुसवा काढावा लागेल, विनवण्या कराव्या लागतील. तसं काही झालं नाही. सून उठलीच. तिने खाटेखालची पिशवी ओढली; भरायचं असं काही नव्हतंच, दोरीवरचा एक टॉवेल तेवढा काढून कोंबला. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. ती भराभर बोलायला लागली, मावशीने तिला इतकं बोलताना सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. ह्या वर्षी डांबराचा दुसरा हात द्यायला हवा. अंगणातल्या फरशीचे काठ सुटले असतील, जाताना थोडं सिमेंट घेऊ. खिडकीला आतून पडदा नको, उजेड अडतो. बोलता बोलता पायात चपला घालून तिने पिशवी खांद्याला लावली. मावशी उठली नाही.

आता सांगायलाच हवं होतं. गाडीत सांगता आलं असतं, तिथे पोचल्यावर तिला आपोआप दिसलंही असतं. पण मावशीने एकदा तिला न सांगता ठेवलं होतं, तेवढं पुरे होतं. तिने सांगितलं. किल्ली दिल्याचं, भिंत पाडल्याचं, विटांचं, काँक्रीटचं, सगळं सांगितलं, काही राखलं नाही. मग घाईघाईने म्हणाली, “माझी खोली आहे ना. लहान आहे, पण दोघींना होईल. तू हवी तशी कर. मी मध्ये पडणार नाही.”

सून उभ्याउभ्या ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने आपले दोन्ही हात वर करून पाहिले, जसं काम संपल्यावर मळ लागलाय का पाहतात, आणि परत खाली सोडले.

“तुम्ही बोलावलंत म्हणून नाही म्हणवत नाही, आई,” ती म्हणाली. “पण आता पुन्हा पहिल्यापासून माझ्याने होणार नाही.”

मावशीने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, धरू दिला. थोड्या वेळाने तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, खाली ठेवली, पायाने खाटेखाली सरकवली आणि विचारलं, “तुमची परतीची गाडी किती वाजताची आहे?”